चाचणी-कक्ष, मकरपुरा

सहा वर्षं मी डिस्पॅचच्या टेबलावर
चलनं लिहिली.
तीन प्रती: पांढरी, गुलाबी, पिवळी.
कार्बन बोटांना, बोटं डब्यातल्या पोळीला.
आई म्हणायची, निळ्या घासाची नोकरी रे तुझी.

वसाणी साहेब वाईट माणूस नव्हते.
फक्त काचेतून बघायचे.
नऊ वाजून दोन मिनिटांनी आलं की
मनगट वर करायचे, तोंड उघडायचे नाहीत.
आणि एखादा आकडा चुकला तर
सगळ्यांदेखत, अगदी मऊ आवाजात:
"शितोळे, तमारुं ध्यान क्यां छे?"

ध्यान भिंतीपलीकडे होतं.
तिथे ट्रान्सफॉर्मर तपासायचे.
भार चढवला की लोखंड बोलायला लागतं,
जाड, एकसुरी, पोटभर जेवलेल्या माणसासारखं.
त्यातला एखादा मात्र किंचित कण्हायचा.
मला ते चलन लिहिता लिहिता कळायचं,
जसं दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला
वळून न बघता कळतं
मागची रिक्षा थांबणार की घुसणार.
बोललो नाही कुणाला.
विचारलं कुणी होतं?

मग जिज्ञासाबेन आल्या.
पहिल्याच आठवड्यात टेबलाशी उभ्या राहिल्या,
चलनाकडे बघितलंही नाही.
"मघाशी मान का वर केलीत?"
म्हटलं, दोन नंबरचा सैल आहे. आत, कोरला कुठेतरी.
त्या हसल्या नाहीत.
हेच आठवतंय अजून. हसल्या नाहीत.
टाकी उघडायला अख्खी दुपार गेली.
आत एक बोल्ट, माझ्या अंगठ्याएवढा,
नुसत्या बोटानं फिरत होता.

सोमवारपासून मी भिंतीपलीकडे.
पगार तोच. भत्ता शंभर रुपये,
तोही दोन महिने मागितल्यावर.
पण मी लवकर निघायला लागलो
आणि ते मला कळलंही नाही,
इंदुमतीनं सांगितलं:
तुम्ही हल्ली रविवारी संध्याकाळी
चिडत नाही.

एकदा चूक झाली. तेरा हजारांची.
जिज्ञासाबेननी आधी दार लावून घेतलं,
मग बोलल्या. चांगलंच बोलल्या.
दार लावून घेणं ही केवढी गोष्ट असते
ते ज्यांनी सगळ्यांदेखत बोलणी खाल्लीत
त्यांनाच विचारा.

दिवाळीनंतर त्यांना वापीला धाडलं.
नवे साहेब तरुण आहेत, हुशार आहेत.
छताला कॅमेरा. भिंतीवर तक्ता,
हिरवे ठिपके, लाल ठिपके,
दिवसाला नग चौदा.
मी एकदा सांगितलं, सातवा कण्हतोय.
मीटरकडे बघून म्हणाले, रीडिंग बरोबर आहे ना?
रीडिंग बरोबर होतं.
"मग काका, पुढचा घ्या."

काम तेच, अजून माझ्या मापाचं.
कानही तेच.
फक्त ऐकू येणं आणि तोंड उघडणं
यांच्यात पूर्वी काही नव्हतं,
आता एक श्वास असतो.
गेल्या महिन्यात त्याचे दोन झाले.

काल, पाच चाळीसला, शेवटच्या नगात,
फार बारीक,
पेल्याखाली माशी अडकावी तसं काहीतरी.
मीटर ठीक. साहेब फोनवर. बस गेटशी.
फॉर्मवर रकाने अकरा, अकराही भरले,
सही केली.

लालबागच्या पुलावर बस अडकली.
खिडकीच्या दांडीला डोकं टेकलं तर
सगळी बस थरथरत होती,
आणि मी, सवयीनं,
कुठला नट ढिला आहे ते शोधत बसलो.
सापडला. ड्रायव्हरला सांगितला नाही.

घरी इंदुमतीनं विचारलं, आज काय झालं?
म्हटलं, चौदा झाले.

आज रविवार.
उन्हं गॅलरीतून निघाली आहेत
आणि ती स्वयंपाकघरात
भांडी जरा जपूनच ठेवते आहे.